आग ओळखावी, मगच विझवावी

‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण मराठीत फार दिवसांपासून रूढ आहे. गरज एका ठिकाणी आणि तजवीज भलत्याच ठिकाणी, हा तिचा आशय. परंतु बंब आगीच्याच दारात उभा असूनही अनर्थ टळू नये, असाही एक प्रकार संभवतो आणि तो या म्हणीत बसत नाही. कढईतील तेल पेटले असता त्यावर तांब्याभर पाणी ओतणारी व्यक्ती, विजेच्या पेटीतून ज्वाळा निघताच पाण्याची बादली घेऊन धावणारा शिपाई, गॅसच्या नळीशी पेटलेली ज्योत फुंकरीने किंवा फडक्याने मालवून निश्चिंत होणारा दुकानदार, यांपैकी कोणाचीही तत्परता उणी नसते. उपायाची निवड मात्र चुकलेली असते आणि त्या एका चुकीमुळे आटोक्यातली आग हाताबाहेर जाते.

आज बहुतेक कचेऱ्या, महाविद्यालये, बँका आणि चित्रपटगृहे यांच्या भिंतींवर लाल रंगाचे अग्निशामक नळकांडे टांगलेले असते. ते नेमके कोणत्या आगीसाठी आहे आणि कोणत्या आगीवर ते मुळीच वापरू नये, हे त्याच मजल्यावर दिवसाचे आठ तास काम करणाऱ्यांपैकी किती जणांना सांगता येईल? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर कोणत्याही संस्थेला फारसे भूषणावह ठरणार नाही. यंत्रावर खर्च झाला आहे, पण ते वापरण्याच्या ज्ञानावर झालेला नाही. अग्निसुरक्षेतील ही विसंगती कागदोपत्री कधी दिसत नाही आणि म्हणूनच तिचा विचार करणे अगत्याचे आहे.

सर्व आगी सारख्या नसतात

आगीला जगण्यासाठी तीन गोष्टी लागतात: जळणारा पदार्थ, हवेतील प्राणवायू आणि पुरेशी उष्णता. या तिन्हींचा संयोग झाला की ज्वलनाची रासायनिक साखळी सुरू होते. त्यामुळे आग विझविण्याचे मार्गही मोजकेच आहेत. उष्णता काढून घ्यावी, प्राणवायू तोडावा, इंधन दूर करावे किंवा ती साखळीच खंडित करावी. अग्निशमनाची सारी साधने या चारांपैकी एक किंवा दोन कामे करतात. कोणत्या आगीत कोणता दुवा सहज तुटेल हे मात्र जळणाऱ्या पदार्थावर अवलंबून असते, आणि आगींचे वर्गीकरणही त्याच आधारावर केलेले आहे.

लाकूड, कागद, कापड, कापूस, गवत यांसारख्या घन पदार्थांच्या आगी ‘ए’ वर्गात मोडतात. येथे पाण्याला तोड नाही. एक लिटर पाण्याची वाफ होईपर्यंत ते सुमारे २६ लाख ज्यूल इतकी उष्णता शोषून घेते; इतके स्वस्त आणि इतके समर्थ शीतक दुसरे सापडणे कठीण. शिवाय पाणी गठ्ठ्यांच्या आणि ढिगांच्या आत झिरपते. कापसाच्या गंजीवर किंवा दप्तरखान्यातील रुमालात बांधलेल्या फायलींवर कोरडी भुकटी मारली तर वरची ज्वाळा नाहीशी होते, पण आतील निखारा धुमसत राहतो. सर्व जण घरी गेल्यावर तोच निखारा पुन्हा पेट घेतो.

पेट्रोल, रॉकेल, रंग, स्पिरिट अशा द्रव पदार्थांच्या आगी ‘बी’ वर्गातल्या. येथे तेच पाणी शत्रू ठरते. पेट्रोल पाण्याहून हलके असल्यामुळे ते जळत जळत पाण्यावर तरंगते आणि पाणी जेथे वाहत जाईल तेथे आगही जाते. अशा आगीवर फेसाचे किंवा भुकटीचे आच्छादन हवे. स्वयंपाकाच्या तेलाची गोष्ट तर याहूनही गंभीर. ते आपोआप पेट घेते तेव्हा त्याचे तापमान ३५० अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचलेले असते. त्यात पडलेले पाणी जड असल्याने तळाशी जाते आणि क्षणार्धात वाफ होऊन सुमारे १७०० पट फुगते. ही वाफ पेटते तेल छतापर्यंत उधळते. याउलट शेगडी बंद करून कढईवर घट्ट झाकण सरकविले आणि तेल निवेपर्यंत ते उचलले नाही, तर एक पैसाही खर्च न होता आग विझते.

‘सी’ वर्ग वायूंचा. घरगुती गॅसच्या सिलिंडरात १४.२ किलो इंधन असते आणि त्याचा वायू हवेहून सुमारे दीड ते दोन पट जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत पसरतो. येथे पहिला उपाय म्हणजे रेग्युलेटर बंद करून पुरवठा तोडणे. पुरवठा चालू ठेवून नुसती ज्योत मालविली तर न जळलेला वायू खोलीत साचतो आणि एखाद्या ठिणगीने स्फोट होतो. दिसणारी आग विझविल्याने न दिसणारे संकट वाढावे, हे सामान्य माणसाच्या सहजबुद्धीला पटणारे नाही; म्हणूनच ते शिकवावे लागते. ‘डी’ वर्गातील मॅग्नेशियम, सोडियम यांसारखे धातू पेटले तर पाण्याशी त्यांची क्रिया होऊन हायड्रोजन हा स्वतःच ज्वालाग्राही असणारा वायू मुक्त होतो. तेथे कोरडी वाळू किंवा खास भुकटीच चालते. राहता राहिली विजेची उपकरणे. त्यांचा प्रवाह आधी मेन स्विचपाशी तोडावा आणि मग, शेष न ठेवणारा कार्बन डायऑक्साइड वापरावा. परंतु हा वायूदेखील निर्धोक नाही. लहान बंद खोलीत तो आगीप्रमाणेच माणसाचाही श्वास कोंडू शकतो.

ही अक्षरेसुद्धा सर्व देशांत एकाच अर्थाची नाहीत. भारतात आणि युरोपात ‘सी’ म्हणजे वायूची आग, तर अमेरिकेत तेच अक्षर विद्युतप्रवाह चालू असलेल्या उपकरणांसाठी वापरले जाते. खाद्यतेलाच्या आगीला युरोपात ‘एफ’, तर अमेरिकेत ‘के’ असे स्वतंत्र अक्षर आहे. परदेशी माहितीपत्रकावरून किंवा चित्रफितीवरून अक्षर पाठ करणाऱ्याने म्हणूनच सावध राहिले पाहिजे. अक्षराऐवजी कारण ध्यानात ठेवणे अधिक श्रेयस्कर.

१९४४ चा विसरलेला धडा

निवड चुकली किंवा वेळेत झाली नाही तर काय घडते, याचे सर्वांत भीषण उदाहरण मुंबईच्याच इतिहासात नोंदले गेले आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टायकिन’ या जहाजात दुपारी आग लागली. त्या जहाजावर कापसाच्या गासड्या होत्या, तेलाची पिंपे होती, लाकूड होते आणि त्याच पोटात सुमारे १४०० टन स्फोटकेही होती. कापसाची आग म्हणजे पाण्याची आग, हा नियम खराच. आणि त्या नियमानुसार ९०० टनांहून अधिक पाणी जहाजात सोडले गेले. परंतु दाट धुरामुळे आगीचे मूळच सापडेना आणि उष्णता वाढतच राहिली. स्फोटकांच्या शेजारी धुमसणाऱ्या कापसाचा प्रश्न हा नुसत्या कापसाचा प्रश्न उरला नव्हता. जहाज जागच्या जागी बुडवावे की बंदराबाहेर न्यावे, हे पर्याय विचारात आले, पण निर्णय वेळेत झाला नाही. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडून जाण्याचा हुकूम सुटला आणि ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला महास्फोट झाला. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत कर्तव्य बजावणारे अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. त्यांच्याच स्मरणार्थ १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळण्यात येतो.

या दुर्घटनेचा अर्थ केवळ शौर्यगाथा म्हणून लावणे अपुरे ठरेल. त्या जवानांच्या धैर्यात उणीव नव्हती आणि पाण्यातही नव्हती. पण नेमके काय जळत आहे, त्याच्या शेजारी काय आहे, आणि या परिस्थितीत निर्णय घेण्याचा अधिकार कोणाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे आग लागण्यापूर्वीच ठरलेली असावी लागतात. ती आग लागल्यावर शोधू म्हटले तर घड्याळ थांबत नाही. आजच्या कोणत्याही कचेरीला, प्रयोगशाळेला वा गोदामाला हेच तीन प्रश्न जसेच्या तसे लागू पडतात.

खरेदी झाली, शिक्षण राहिले

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ साली करण्यात आला आणि डिसेंबर २००८ पासून तो अंमलात आला. इमारतीतील अग्निसुरक्षेची साधने सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, सादर करण्याचे बंधन त्याने मालकांवर घातले. हा कायदा आवश्यक होता यात शंका नाही. तथापि प्रमाणपत्राने यंत्राची स्थिती कळते. ते यंत्र हाती घेणाऱ्याच्या तयारीची साक्ष त्यातून मिळत नाही.

अर्थशास्त्रात परस्परपूरक वस्तूंची कल्पना सुपरिचित आहे. दौतीवाचून टाक व्यर्थ, तसे ज्ञानावाचून अग्निशामक यंत्र व्यर्थ. एकावर केलेला खर्च दुसऱ्याच्या अभावी वाया जातो. मग संस्था यंत्रावर खर्च करतात आणि ज्ञानावर करीत नाहीत, याचे कारण काय? एक तर यंत्र मोजता येते. किती नग खरेदी केले, किती भिंतींवर टांगले, याची नोंद होते आणि तपासनीस ती पाहू शकतो. चाळीस कारकुनांच्या डोक्यात काय आहे याची नोंदवही नसते. दुसरे असे की, या वस्तूचा गुणावगुण ग्राहकाला रोजच्या वापरात कळत नाही. धान्य निकृष्ट निघाले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुकान बदलते. नळकांडे रिकामे निघाले, तर ते कळण्याचा क्षण आयुष्यात एकदाच येतो आणि तेव्हा दुकान बदलण्याची सवड नसते. तिसरे कारण, काळजी घेण्याचा खर्च एकाला पडतो आणि तिचा लाभ शेजाऱ्यांना, भाडेकरूंना, येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटला जातो. अशा ठिकाणी प्रत्येक जण आपापल्या हिशेबाने गरजेपेक्षा कमीच खर्च करतो.

या कमी खर्चाची किंमत मात्र फार मोठी असते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा येथील जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या विशेष कक्षात आग लागून १० बालके दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबर रोजी, आज अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहरातील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात लागलेल्या आगीने ११ रुग्णांचा बळी घेतला. अशा प्रत्येक घटनेनंतर अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघतात. यंत्रे मोजली जातात आणि नसलेली विकत घेतली जातात. परंतु ज्या कक्षात प्राणवायूचा पुरवठा नळीतून चालू असतो तेथे आगीला तोच वायू खाद्य पुरवितो. तेथे कोणती झडप कोणी आणि केव्हा बंद करावयाची, त्या वेळी रुग्णांचा श्वास कसा सांभाळावयाचा, हे तेथील रात्रपाळीच्या परिचारिकेला आणि सेवकाला अवगत आहे काय, हा प्रश्न यंत्रांच्या मोजदादीत येतच नाही.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप घेतले जाण्याचा संभव आहे. पहिला असा की, आता बहुतेक ठिकाणी ‘एबीसी’ भुकटीचे नळकांडे असते. ते घन, द्रव, वायू आणि विजेची उपकरणे या सर्वांवर चालते, मग निवडीचा प्रश्न उरतोच कोठे? हा आक्षेप निराधार नाही. सोडा-ॲसिडचे उलटे करून वापरावयाचे शंकूच्या आकाराचे नळकांडे आता कालबाह्य झाले आहे आणि त्याच्या जागी आलेले भुकटीचे साधन निश्चितच अधिक बहुगुणी आहे. पण बहुगुणी म्हणजे सर्वगुणी नव्हे. भुकटी तेलाला थंड करीत नाही, त्यामुळे विझलेली कढई पुन्हा पेटू शकते. ती कापसाच्या गठ्ठ्यात आत शिरत नाही. गॅसचा पुरवठा तोडल्यावाचून ती वापरली तर स्फोटाला निमंत्रण मिळते. संगणकांवर आणि नाजूक उपकरणांवर ती बसली तर आगीतून वाचलेले यंत्र गंजून निकामी होण्याची भीती असते. आणि विजेवर चालणाऱ्या दुचाकींतील लिथियम बॅटरीपुढे तर तिचा निभाव लागणे कठीण. या बॅटरीत उष्णता आतल्या आत निर्माण होत राहते. ज्वाळा विझल्या तरी ती पुन्हा पेट घेते, म्हणून तिला दीर्घकाळ भरपूर पाण्याने थंड करावे लागते आणि विषारी धुरामुळे ते काम अग्निशामक दलावरच सोपवावे लागते. २०२२ साली पुण्यासह देशात काही ठिकाणी अशा दुचाकी पेटल्या तेव्हा हा नवा प्रकार सर्वांच्या दृष्टीस पडला. इंधने बदलतात तशा आगीही बदलतात, आणि काल शिकलेले आज पुरत नाही.

दुसरा आक्षेप असा की, आग विझविणे हे तज्ज्ञांचे काम आहे; सामान्य माणसाला अर्धवट ज्ञान दिले तर तो नसते साहस करील. वस्तुतः तज्ज्ञ पोहोचेपर्यंतची पहिली काही मिनिटे सामान्य माणसाच्याच वाट्याला येतात, आणि बहुतेक आगी त्या मिनिटांतच लहान असतात. शिवाय केव्हा माघार घ्यावी हाही या ज्ञानाचाच भाग आहे. हाती धरावयाच्या नळकांड्यातील भुकटी अर्ध्या मिनिटाच्या आतच संपते. तेवढ्यात आग विझण्यासारखी नसेल, खोलीत धूर उतरू लागला असेल किंवा पाठीमागची वाट बंद होण्याची शक्यता असेल, तर दार ओढून घेऊन बाहेर पडणे हीच योग्य निवड होय. आगीत ज्वाळांपेक्षा धुराने अधिक माणसे मरतात. हे ज्याला ठाऊक आहे, तो अडाण्यापेक्षा अधिक साहसी नव्हे तर अधिक सावध असेल.

खर्च न वाढविता

उपाय शोधण्यासाठी नवा आयोग नेमण्याचे कारण नाही. नळकांड्यांची चाचणी ठरावीक मुदतीने करावी लागते. त्यांतील भुकटी बाहेर काढून ती पुन्हा भरावी लागते. बहुतेक ठिकाणी कंत्राटदाराचा माणूस येतो, नळकांडी उचलून नेतो आणि भरून आणून टांगतो. संस्थेच्या एकाही कर्मचाऱ्याने आयुष्यात कधी त्याची खीळ ओढलेली नसते. जी भुकटी नाही तरी बाहेर काढावयाचीच आहे, ती संस्थेच्या आवारात, देखरेखीखाली, कर्मचाऱ्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या हातून का काढली जाऊ नये? खीळ ओढावी, ज्वाळेच्या शेंड्यावर नव्हे तर बुडाशी नेम धरावा, दांडा दाबावा आणि झोत आडवा फिरवावा, हे चार टप्पे दहा मिनिटांत शिकता येतात. त्यासाठी अर्थसंकल्पात वेगळी तरतूद लागत नाही. लागते ती फक्त एका परिपत्रकाची आणि एका दुपारची.

त्याचबरोबर प्रत्येक नळकांड्याशेजारी मराठीत एक लहानसा फलक असावा आणि त्यावर ते कशासाठी आहे याहीपेक्षा कशावर वापरू नये हे ठळक लिहिलेले असावे. मेन स्विच कोठे आहे आणि तो कोणी बंद करावयाचा, हे प्रत्येक मजल्यावर नावानिशी ठरलेले असावे. १०१ किंवा ११२ क्रमांकावर वर्दी देताना केवळ पत्ता न सांगता काय जळत आहे हेही सांगण्याची सवय लावावी, म्हणजे बंब निघतानाच योग्य तयारीनिशी निघेल. गोदीतील जहाजाच्या पोटात काय होते हे ज्यांना आधी कळावयास हवे होते, त्यांची आठवण ठेवण्याचा याहून उचित मार्ग नाही.

शाळेतील विद्यार्थी कार्बन डायऑक्साइड ज्वलनास मदत करीत नाही हे वाक्य पाठ करतो आणि त्याचे गुणही मिळवितो. परंतु पेटत्या तेलावर पाणी का ओतू नये, हे त्याला क्वचितच विचारले जाते. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकात हा एक प्रश्न सक्तीचा केला, तर एका पिढीत हे ज्ञान घराघरांतील स्वयंपाकघरात पोहोचेल. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५० च्या दशकापासून महाराष्ट्रातच, नागपूर येथे आहे. राज्याच्या शिक्षण खात्याने त्या संस्थेच्या साहाय्याने शिक्षकांसाठी एक छोटासा पाठ तयार करून घेणे अशक्य कोटीतले नाही.

अग्निशमन सेवा घटनेच्या बाराव्या अनुसूचीनुसार नगरपालिकांच्या कार्यांत मोडते. ती सेवा बळकट झाली पाहिजे, तिला मनुष्यबळ आणि साधने मिळाली पाहिजेत, ही मागणी रास्तच आहे आणि ती करीत राहिले पाहिजे. पण ती पूर्ण होईपर्यंत थांबण्याचे कारण नसलेली एक गोष्ट प्रत्येक मुख्याध्यापकाच्या, प्राचार्याच्या आणि कार्यालय प्रमुखाच्या हाती आहे. पुढील वेळी कंत्राटदाराचा माणूस नळकांडी भरून आणण्यासाठी न्यावयास येईल, तेव्हा ती त्याच्या स्वाधीन करण्यापूर्वी सर्वांना आवारात बोलवावे आणि त्यांच्या हातून ती रिकामी करून घ्यावीत.